किलर व्हेलला केलेला आग्रह

“कापलं कुणी हे? आणि पिवळं का आहे? मासा पिवळा का आहे, मला कुणीतरी सांगा!”

डॉक्टरीणबाई ओरडत होत्या. आवाज असा की छताचे पत्रे वर उचलले गेले आणि परत जागेवर बसले. शेजारच्या टाकीतल्या समुद्री कासवांनी डोकी आत ओढून घेतली. समुद्री कासवांना डोकं आत घेता येत नाही असं पुस्तकात लिहिलंय, ठाऊक आहे मला. त्या सकाळी त्यांनी घेतलं.

बाईंच्या समोर मी उभा, माझ्यामागे माझी बायको, आणि आम्हा दोघांच्या मध्ये आमच्या घरातला सगळ्यात मोठा टोप. गणपतीत अख्ख्या बिल्डिंगचा मसालेभात ज्यात होतो तो. टोपात काठोकाठ बांगडा. साफ केलेला, डोकी उडवलेला, तिरके तुकडे पाडलेला आणि हळद-मीठ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये मुरवलेला.

“हल्दी?” बाईंनी बोट लावून वास घेतला. “इंजिनियर साब, हल्दी? व्हेल को?”

“हळद-मीठ नाय लावल्यार रवतला काय तां रात्रभर?” बायको मागून तडकली. ती मालवणची. माशाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घेत नाही, मग तो माणूस डॉक्टर असो नाहीतर सुलतान. “वास मारूचो नाय? आणि अख्खो मासो पाहुण्याच्या पुढ्यात कोण ठेवता? आमी काय बगळे?”

“काय म्हणते मॅडम?” डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

“सॉरी म्हणते,” मी म्हटलं.

ज्या पाहुणीवरून हे चाललं होतं ती आमच्या पायांशी, गोल टाकीत, फिरत होती. काळी कुळकुळीत, एखाद्या पाणबुडीसारखी लांब, गोल डोक्याची. डावीकडून उजवीकडे. पुन्हा डावीकडून उजवीकडे. आल्यापासून तिने दिशा बदलली नव्हती.

आता नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा नेहमीसारखा शेपटाकडून सुरू झाला.

मी मस्कतमध्ये एका मत्स्यालयात पंप, फिल्टर आणि चिलर सांभाळतो. चिलर म्हणजे पाणी गार ठेवणारं यंत्र. मुंबई-पुण्याच्या लोकांना वाटतं, एवढंच? एवढंच नाही. इथे जूनमध्ये नळ सोडला की खाली फक्त पत्ती आणि साखर धरायची, चहा तयार. माझे चिलर तासभर बंद पडले तर आमच्या मत्स्यालयाचं हॉटेल होईल. मी मूळचा सोलापूरचा. आमच्याकडे पाणीच टँकरने येतं, त्यात मासा कुठून येणार? मला मासे कळत नाहीत. मला मासे ज्यात राहतात ते पाणी कळतं.

ती आली कलिंगडाच्या ट्रकमधून. मस्कतजवळच्या बरक्याच्या किनाऱ्यावर सकाळी कोळ्यांना सापडली, वाळूत रुतलेली. ह्यांचा कळप असतो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकट्या त्या कधी नसतात. पण कळपाचा पत्ता नव्हता. कोळ्यांनी ओल्या गोधड्या टाकून, बादल्या ओतून तिला जिवंत ठेवलं. मग ट्रकमध्ये गाद्या, गाद्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर ती, आणि तिच्या उशाशी काळा अबाया गुडघ्यापर्यंत खोचून, गमबूट घालून, हातात पाण्याचा पाइप घेतलेल्या डॉक्टरीणबाई. हायवेवर लोक गाड्या बाजूला घेऊन उभे राहिले. एका उंटाने मान झुकवली. ते मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ड्रायव्हर खोटं कशाला बोलेल?

डॉक्टरीणबाई ओमानीच, पण मत्रहच्या बाजारापाशी वाढलेल्या. तिथल्या जुन्या कच्छी व्यापाऱ्यांच्या पोरींबरोबर लगोरी खेळलेल्या, त्यामुळे त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं आणि शिव्या तर फारच चांगल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, हिला मासा म्हणायचं नाही, हे डॉल्फिनच्या कुळातलं जनावर आहे. आणि ही किलर व्हेल नव्हे, तिच्या लांबच्या नात्यातली फॉल्स किलर व्हेल आहे. म्हणजे खोटी किलर व्हेल.

तसा फलक रंगवायला गेला. आमचा अर्बाब, म्हणजे मत्स्यालयाचा मालक, पांढऱ्याशुभ्र, पायघोळ डिशडाशात आला. त्या डिशडाशाला इतका स्टार्च असतो की अर्बाब आत नसला तरी डिशडाशा एकटाच ऑफिसात उभा राहून सह्या करेल. त्याने फलक वाचला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

“हे काढ,” तो म्हणाला. “माझ्याकडे खोटं काही मिळत नाही.”

मग काय, ‘किलर व्हेल’! एका खिडकीतून टाकी दिसायची. तिथे रांग लागली. मस्कतच्या रुवी-दार्सैत भागातली सगळी मराठी मंडळी येऊन गेली. एक चिमुरडी काचेला नाक लावून उभी राहिली आणि मला म्हणाली, “काका, ही कोणाला किल करते?”

“दर शुक्रवारी एक इंजिनियर,” मी म्हटलं.

पोरीने तिची एक फेरी पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. “शी इज जस्ट गोइंग राउंड,” ती आईला म्हणाली आणि पेंग्विन बघायला पळाली. पोरगी हुशार निघाली. आमच्यातल्या मोठ्यांना ते कळायला वेळ लागला.

ती टाकी मुळात आजारी कासवांसाठी बांधलेली. तिच्यात त्या जनावराने राहायचं म्हणजे मला रांजणात उभं करून वर ‘आरामात राहा हं’ म्हणण्यासारखं. शेपूट मारली की समोर भिंत. आणि ती खात नव्हती. पेंग्विनांसाठी आणलेला गोठवलेला मासा दिला, नाही. शार्कसाठीचा दिला, नाही. डॉक्टरीणबाई तिला नळीने माशाची पेज पाजत होत्या. पाणबुडे तिला धरायचे, नळी आत जायची, ती डोळा मिटायची. एक डोळा. दुसरा माझ्याकडे असायचा.

त्या आठवड्यात पंपाचं सील गळत होतं म्हणून मी टाकीच्या कडेला उताणा पडून पाना फिरवत होतो, तेव्हा बाई आणि अर्बाब माझ्या डोक्यावर उभे राहून भांडले.

“बोट द्या,” बाई म्हणाल्या. “बाहेर कळप दिसलाय असं कोळी सांगतात. थोडी ताकद आहे तोवर नेऊन सोडते.”

“पाहुणी उपाशी आहे,” अर्बाब म्हणाला. “उपाशी पाहुण्याला दारातून कोण बाहेर काढतं? माझ्या बापाने काढलं नसतं, मी काढणार नाही.” तो कपटी माणूस नव्हता, हे लिहून ठेवतो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “स्वतःहून जेवली तर ती इथलीच. राहील. तिच्यासाठी मोठी टाकी बांधतो, खुर्च्या लावतो. शनिवारपर्यंत नाही जेवली तर तू म्हणतेस तसं, बोट. पण जेवेल. इन्शाल्ला जेवेल.”

तो गेला. बाई खाली वाकल्या. “ऐकलंस, इंजिनियर साब?”

“पंपाचा आवाज होता,” मी म्हटलं.

“ऐकलंस. आता हे बघ. उपाशी सोडली तर ती दोन दिवस टिकणार नाही. खायला घालून सोडायची. पण खाताना अर्बाबला दिसली तर सोडू देणार नाही. म्हणून सकाळी, फाटक उघडायच्या आधी, चोरून खाऊ घालायची. ताजा मासा हवा. आमच्या खरेदीवाल्याला सांगितलं तर दुपारपर्यंत अर्बाबला कळेल. तू आणशील?”

मी, सोलापूरचा, मासा आणणार! घरी बायकोला सांगितलं तर ती हसून हसून दिवाणावरून खाली पडली, आमच्या खालच्या मजल्यावरच्यांचा पंखा थांबला. मग म्हणाली, मी येतंय.

बरक्याच्या मासळी बाजारात तिला बघायला हवं होतं. कल्ले उघडून बघितले, डोळे बघितले, विकणाऱ्याकडे असं बघितलं की त्याने आपणहून भाव पाडला. पोतंभर बांगडा घेतला. आणि मग आपले लोक जे करतात तेच केलं. जगात कुठेही मासा घेतला की आपण तो घेऊन थेट साफ करणाऱ्यासमोर उभे राहतो. त्यात विचार नसतो, चप्पल काढून घरात शिरावं तसं ते आहे. “बारीक तुकडे कर, पोटातला सगळा काढ, डोकी नको,” बायको म्हणाली. मी पोतं धरून उभा. मलाही वाटलं, वा, व्यवस्थित काम झालं. घरी येऊन हळद-मीठ. तिने तर आमसूलही काढलं होतं. मीच म्हटलं, नको, जनावर आहे.

तर हे ते पिवळे तुकडे. डॉक्टरीणबाईंनी आधी टोपाला, मग आम्हाला, मग आमच्या पूर्वजांना जे म्हणायचं ते म्हटलं. हे जनावर मासा अख्खा गिळतं, डोक्याकडून. त्याला तुकडा म्हणजे मासाच वाटत नाही. तरी एक तुकडा धुऊन टाकून बघितला. ती थांबली. पहिल्यांदाच थांबली. तुकडा तोंडात धरला, जरा वेळ ठेवला आणि सोडून दिला. तो हळदीचा धूर सोडत तळाशी गेला आणि माझ्या फिल्टरात जाऊन बसला.

“मीठ कमी पडला,” बायको हळूच म्हणाली.

दार्सैतमध्ये ही गोष्ट मी सांगितली तेव्हा व्हेलने दोन तुकडे खाल्ले होते. माझा शेजारी मंदिरात गेला तोवर तिने कालवण भुरकलं होतं, आणि संध्याकाळी एका वहिनींचा मला फोन आला की सोलकढी पाठवू का, पोटाला बरी. आपल्याकडे कुणी अंथरुणाला खिळलं की घराघरांतून डबे निघतात. त्या किलर व्हेलसाठी आमच्या दारात मऊ भाताचा डबा आला होता, झाकणावर लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवून. हे मात्र मी वाढवून सांगत नाही. तो डबा मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. बायको पुन्हा मासा घेऊन आली. ह्या वेळी अख्खा, न धुतलेला, डोळ्यांसकट. अर्बाब शुक्रवारी सकाळी कधीच येत नाही. बाईंनी पाणबुड्यांना बाजूला केलं, स्वतः काठीला लावून मासा पुढे केला. नाही. हाताने दिला. नाही. ती फिरत राहिली, डावीकडून उजवीकडे, आणि प्रत्येक फेरीला पाण्यात जरा जास्तच कलत होती.

“माका द्या,” बायको म्हणाली. चप्पल काढून ती पायरीवर उतरली, साडी ओली झाली, आणि बांगड्याची शेपटी चिमटीत धरून तिने हात पाण्यात घातला. “ये गो बाय. अशी काय करतंस? नव्या घरात सुना पण आठ दिवस जेवत नाय, पण मगे जेवतत.”

ती आली. मासा तोंडात धरला. मग गिळला नाही, तर तसाच धरून पुढे सरकली आणि बायकोच्या हाताला लावला. बायकोने हात मागे घेतला. तिने पुन्हा लावला.

“देतेय,” डॉक्टरीणबाई कुजबुजल्या. त्यांचा आवाज इतका बारीक होऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. “ह्या जातीत असंच असतं. शिकार केली की मासा आधी सोबतिणीला देतात. मग खातात.”

आता आमच्या घरात कुणी ‘आधी तुम्ही घ्या’ म्हटलं की माझी बायको काय करते हे मी लग्नापासून बघतोय. ताटावर दोन्ही हात आडवे धरले तरी ती बोटांच्या फटीतून वाढते.

“माका कित्याक देतंस?” ती म्हणाली. “माझा झाला जेवण. तू खा. खा म्हणतंय ना.” आणि मासा परत ढकलला. तिने परत दिला. हिने परत ढकलला. “माझी शपथ आसा तुका.” असा तो बांगडा दोघींच्या मध्ये किती वेळा फिरला देव जाणे; आम्ही सगळे श्वास रोखून उभे, माझे चिलरसुद्धा आवाज न करता चालले होते. आणि मग तिने डोकं जरा वर केलं, मासा फिरवून घेतला आणि गिळला.

“खाल्ल्यान!” बायको किंचाळली. “खाल्ल्यान गो, खाल्ल्यान!”

मालवणच्या माणसाचा आवाज समुद्रावर माणसं बोलावण्यासाठी घडलेला असतो. तो आवाज गेला भिंतींना आपटत, कासवांवरून, पेंग्विनांवरून, बोळातून थेट फाटकापर्यंत. आणि फाटकात, नातवंडांना किलर व्हेल दाखवायला म्हणून, आमचा अर्बाब उभा होता.

तो धावत आला. डिशडाशाचा स्टार्च मोडला. “जेवली? स्वतःहून?” बायको ओल्या साडीत उभी होती आणि तिचं तोंड असं फुललेलं की उत्तराची गरजच नव्हती. अर्बाबने तिच्यासमोर छातीवर हात ठेवला. नातवंडांनी टाळ्या वाजवल्या. “अल्हम्दुलिल्ला! बघ डॉक्टर, घर आवडलं तिला. खलास. बोट नको.”

“एक मासा खाल्लाय, शेख. एकच.”

“एकापासूनच सुरुवात होते,” अर्बाब म्हणाला.

बायकोने माझ्याकडे बघितलं. तिचं हसू हळूहळू उतरलं. बोटीचं मी तिला आदल्या रात्री सांगितलं होतं. गप्प राहायचं हेही सांगितलं होतं. पण ज्याने आठवडाभर तोंड उघडलं नाही त्याने घास घेतल्यावर गप्प कसं राहायचं, हे काही मी तिला सांगितलं नव्हतं. मला तरी कुठे ठाऊक होतं?

बाई ऑफिसात गेल्या. त्या दिवशी छत हललं नाही. त्या हात जोडून बोलल्या असं शिपाई म्हणाला. अर्बाबने त्यांना कॉफी दिली, खजूर दिले, आणि शनिवारची बोट परत पाठवली.

त्यानंतर तिने काही खाल्लं नाही. बायको रोज सकाळी यायची. पायरीवर बसायची, हात पाण्यात. अगो बाय, अगो बाई, माझ्या राजा, सगळं करून झालं. ती जवळ यायची, हाताला डोकं लावायची आणि निघून जायची. मग यायचीही थांबली. अर्बाबही यायचा, काचेपलीकडे खुर्ची टाकून बसायचा आणि मला खूण करून विचारायचा, पाणी गार आहे ना? गार होतं. पाण्यात काही दोष नव्हता. मी दिवसातून शंभरदा मोजायचो. इतकं चांगलं पाणी अख्ख्या अरबी समुद्रात नसेल.

खुर्च्यांचा ट्रक आला त्या दुपारी ती एका कुशीवर झाली. पाणबुडे आत उतरले, दोन्ही बाजूंनी तिला धरून उभे राहिले, श्वासाचं भोक पाण्याबाहेर राहावं म्हणून. डॉक्टरीणबाई गळ्याइतक्या पाण्यात, अबायासकट. बाहेर हमाल खुर्च्या उतरवत होते आणि मी त्यांना ओरडून सांगितलं, आवाज करू नका. ते बिचारे एकेक खुर्ची हातावर तान्हं मूल आणावं तशी आणत राहिले. संध्याकाळ व्हायच्या आत सगळं संपलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात बाईंनी तिला उघडलं. साखळीची कप्पी माझ्याकडे, म्हणून मला थांबावं लागलं. फुप्फुसं जंतांनी भरलेली होती. बाईंनी ती मला दाखवली; मी बघितली, आणि ह्या बाबतीत मी एक शब्द वाढवणार नाही. मग त्यांनी पोट उघडलं. त्यात तो एक बांगडा होता. अख्खा. जसा गेला तसा.

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि तो कापडात गुंडाळून बाजूला ठेवला, कारण बायको फाटकातून येत होती. तिच्या हातात पिशवी होती. त्या दिवशीही ती मासा घेऊन आली होती. कशाला, ते मी विचारलं नाही. ती व्हेलजवळ गेली नाही. नळापाशी, जिथे बाई गमबूट धूत होत्या, तिथे जाऊन उभी राहिली.

“डॉक्टर,” ती तिच्या हिंदीत म्हणाली, “उस दिन मैं चिल्लाती नहीं, तो?”

बाईंनी पाइप दुसऱ्या बुटावर धरला.

“तर तिकडे, समुद्रात मेली असती.”